क्लिकचा भाव आणि पंचांगाची पाने

नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या साडीच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर पुढ्यात मोबाइल आणि मांडीशेजारी लाल बांधणीची वही घेऊन बसलेल्या माझ्या एका तरुण स्नेह्याने, गिऱ्हाइकांची वर्दळ थोडी ओसरल्यावर, त्या वहीतील दोन पाने माझ्यापुढे उघडी करून एक प्रश्न केला. ‘‘काका, फोटो तोच, साडी तीच, रोजचे पाचशे रुपयेही तेच. मग श्रावणात चार रुपयांना पडणारा क्लिक नवरात्रात सात रुपयांच्या वर का जातो? हा भाव वाढवला तरी कोणी?’’ करवतकाठी साडीचे एक सुरेख छायाचित्र त्याने फेसबुक व इन्स्टाग्राम ह्या समाजमाध्यमांवर जाहिरात म्हणून चालविले होते. ते पाहून ज्याने त्यावर बोट टेकविले आणि जो दुकानाच्या पानावर आला, त्याच्या एकेका स्पर्शामागे, म्हणजे क्लिकमागे, किती पैसे गेले ह्याची नोंद तो दररोज रात्री दुकान वाढवताना करीत असे.

त्याच्या प्रश्नातील ‘कोणी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. व्यापाऱ्याच्या आयुष्यात प्रत्येक भावामागे एक मनुष्य उभा असतो: सुताचा भाव गिरणीवाला सांगतो, साडीचा विणकर किंवा दलाल सांगतो, दुकानाच्या पाटीचा रंगारी सांगतो, आणि त्या मनुष्याशी घासाघीस करता येते. क्लिकच्या भावामागे मात्र असा एक मनुष्य नसतो. तो भाव कोणी ठरवीत नाही, तो ठरतो. आणि कसा ठरतो हे एकदा ध्यानी आले, म्हणजे वहीतील चाराचे सात कसे झाले हे गूढ उरत नाही.

दरपत्रकाचे दिवस

गोपाळराव ओगल्यांनी 1914 साली नागपुरात ‘महाराष्ट्र’ हे पत्र काढले, त्या पिढीपासून पुढे कित्येक दशके जाहिरात म्हणजे जागेची खरेदी असे. वर्तमानपत्राचा स्तंभ इंचाने किंवा सेंटिमीटरने मोजला जाई, पहिल्या पानाचा दर अधिक, आतील पानाचा कमी, दिवाळी अंकाचा त्याहून निराळा. आणि हा सर्व तपशील छापील दरपत्रकात आगाऊ मिळत असल्यामुळे दुकानदार वर्षाचा खर्च वर्षारंभीच मांडू शके. जाहिरात किती जणांनी वाचली, वाचून किती जण दुकानाकडे वळले, हे मात्र ना संपादकास ठाऊक असे, ना दुकानदारास.

संगणकाच्या जाळ्यावर 27 ऑक्टोबर 1994 रोजी ‘हॉटवायर्ड’ ह्या अमेरिकन नियतकालिकाने पहिल्या आडव्या जाहिरातपट्ट्या लावल्या, तेव्हाही विकली गेली ती जागाच. वळण आले ते 1998 साली. बिल ग्रॉस ह्या कॅलिफोर्नियातील उद्योजकाच्या ‘गोटू’ ह्या शोधयंत्राने दोन गोष्टी एकत्र आणल्या: पैसे द्यावयाचे ते बोट टेकले तरच, आणि किती द्यावयाचे हे जाहिरातदारांनी परस्परांवर बोली लावून ठरवावयाचे. गूगलने ऑक्टोबर 2000 मध्ये आपली जाहिरातयोजना काढली आणि 2002 साली तीत हीच पद्धत एका मोठ्या सुधारणेसह आणली. फेसबुकने नोव्हेंबर 2007 मध्ये आपल्या जाहिरातव्यवस्थेची घोषणा केली. दरपत्रक गेले आणि त्याच्या जागी अखंड लिलाव आला.

बोली कशी लागते

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला ह्या यंत्रणेचे अर्धे मर्म आधीच अवगत आहे. ढिगासमोर चार व्यापारी उभे राहतात, बोली चढत जाते, आणि अखेरचा प्रतिस्पर्धी जेथे थांबतो त्याच्या किंचित वर सौदा तुटतो. म्हणजे विजेत्याच्या मनातील कमाल रक्कम सौद्यात येत नाही, येते ती त्याच्या लगतच्या माणसाची. विल्यम विकरी ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली दाखवून दिले, की बंद पाकिटातील बोलीतही विजेत्याकडून दुसऱ्या क्रमांकाची रक्कमच घेतली, तर प्रत्येकाला आपल्या मनातील खरा आकडा लिहिणेच हिताचे ठरते. त्याला 1996 चे नोबेल पारितोषिक मिळाले. समाजमाध्यमांचे आजचे लिलाव ह्याच विचाराच्या वंशातील आहेत.

फरक असा, की येथे ढीग नाही. येथे विकला जातो तो एका व्यक्तीच्या दृष्टीचा एक क्षण. सक्करदऱ्यातील एखादी गृहिणी दुपारी मोबाइल उघडून चित्रांमागून चित्रे सरकवू लागली, की तिच्यापुढे जी पुढची मोकळी जागा येणार, तिच्यासाठी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी एक स्वतंत्र लिलाव होतो. आणि त्यात साडीवाला, शिकवणीवर्ग, इतवारीतील सराफ, वर्धा रोडवरील सदनिकांचा विक्रेता, असे तिची दृष्टी इच्छिणारे सगळे जण यंत्राकरवी हजर असतात.

ह्या लिलावात नुसती मोठी बोली पुरेशी नसते, आणि गूगलची सुधारणा म्हटली ती हीच. माध्यमाला हवे असते ते बोली आणि बोट टेकण्याची शक्यता ह्यांच्या गुणाकाराचे मोल. समजा, शिकवणीवर्ग क्लिकमागे 10 रुपये द्यावयास तयार आहे, परंतु त्याची जाहिरात 1000 वेळा दाखविली तर 10 जणच बोट टेकतात. त्याच्या हजार दर्शनांचे मोल 100 रुपये झाले. माझ्या स्नेह्याची तयारी फक्त 6 रुपयांची, पण त्याची साडी पाहून हजारात 25 जण थांबतात. त्याचे मोल 150. बोली लहान असूनही जागा त्याला मिळते, आणि त्याने द्यावयाचे ते शिकवणीवर्गाच्या 100 रुपयांइतके, म्हणजे 25 ने भागता क्लिकमागे 4 रुपये. हाच त्याच्या वहीतील श्रावणाचा आकडा.

आता नवरात्र आले. पूर्वी ज्या लिलावात दोघे होते, तेथे देशभर माल विकणारी एखादी बडी कंपनी उतरली आणि तिच्या हजार दर्शनांचे मोल 180 भरले. माझा स्नेही 150 वर हरला; म्हणून त्याने बोली साडेसातपर्यंत नेली, मोल 187 रुपये 50 पैसे झाले, जागा पुन्हा मिळाली, पण आता 180 रुपये 25 क्लिकांत वाटून 7 रुपये 20 पैसे पडले. साडी बदलली नाही, छायाचित्र बदलले नाही. शेजारी उभा असणारा बदलला. जेथे 500 रुपयांत 125 जण येत, तेथे 69 येऊ लागले. त्यावर 18 टक्के जीएसटी मिळविला, की 7 रुपये 20 पैशांचे साडेआठ होतात, आणि वहीत तोच आकडा लिहावा असे माझे त्याला सांगणे आहे.

हे उदाहरण सोपे केलेले आहे. प्रत्यक्षात माध्यम त्या मोलात जाहिरातीच्या दर्जाचाही अंश मिळविते, आणि बहुतेक वेळा पैसे दर्शनांचेच घेते. क्लिकचा दर हा मागाहून केलेला भागाकार असतो.

┌────────────────────
चौकट: वहीतील शब्द
सीपीएम: जाहिरात 1000 वेळा दाखविण्याचा खर्च.
सीटीआर: 100 वेळा दाखविल्यावर किती वेळा बोट टेकले ते प्रमाण.
सीपीसी: एका क्लिकमागचा खर्च. हजार दर्शनांच्या खर्चाला त्या हजारांत मिळालेल्या क्लिकांनी भागले, की हा आकडा येतो. म्हणून तो दोन कारणांनी वाढतो: बाजार महागला म्हणून, किंवा जाहिरातीकडे लोक वळेनासे झाले म्हणून.
└────────────────────

चौकटीतील शेवटचे वाक्य व्यवहारात फार उपयोगी आहे. दर वाढला की दुकानदार बाजाराला दोष देतो. परंतु हजार दर्शनांचा खर्च जर होता तेथेच असेल आणि बोट टेकणाऱ्यांची संख्या घटली असेल, तर त्याचे कारण बाजारात नसून त्या छायाचित्रात आहे, जे तीच ती माणसे तीन आठवडे पाहून कंटाळली आहेत.

आवक

संत्र्याचा भाव नुसत्या गिऱ्हाइकांवर ठरत नाही, आवकेवरही ठरतो. आंबिया बहाराच्या गाड्या एकदम लागल्या की तोच ढीग स्वस्त जातो. येथे आवक म्हणजे माणसांनी पडद्यापुढे घालविलेला वेळ. जून 2020 च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील ही लहान चित्रफितींची सोय आणली. लोक तासन्‌तास त्या पाहू लागले आणि जाहिरातींच्या मोकळ्या जागांची आवक वाढली. फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीच्या वार्षिक अहवालाप्रमाणे 2023 साली जगभरात दाखविलेल्या जाहिराती 28 टक्क्यांनी वाढल्या आणि एका जाहिरातीची सरासरी किंमत 9 टक्क्यांनी उतरली. पुढच्या वर्षी वाढ 11 टक्केच झाली आणि किंमत 10 टक्क्यांनी चढली. आवक आणि भाव ह्यांचे हे नाते कळमन्यातील अडत्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

मागणीचा ऋतूही त्याच कंपनीच्या जमाखर्चात स्पष्ट दिसतो. 2023 च्या शेवटच्या तिमाहीत तिचे उत्पन्न सुमारे 40 अब्ज डॉलर होते, ते 2024 च्या पहिल्या तिमाहीत साडेछत्तीसांवर आले. त्याच वर्षाच्या अखेरच्या तिमाहीत ते 48 अब्जांवर गेले आणि 2025 च्या आरंभी पुन्हा 42 च्या घरात उतरले. नोव्हेंबर-डिसेंबरात चढावे आणि जानेवारीत पडावे, हा नाताळाच्या खरेदीचा ठसा आहे. तो महालाचा ठसा नव्हे, आणि येथेच माझ्या स्नेह्याची दुसरी फसगत झाली होती.

दूरच्या बाजाराची सरासरी

आपला दर योग्य की अयोग्य हे ताडून पाहण्यासाठी त्याने कोठून तरी एक प्रमाणदर मिळविला होता. असे प्रमाणदर काढणाऱ्या संस्था आपल्या अनेक ग्राहकांच्या हिशेबांची सरासरी प्रसिद्ध करतात, आणि ह्या विषयात सर्वाधिक उद्धृत झालेला आकडा बहुधा अमेरिकेतील ‘वर्डस्ट्रीम’ ह्या संस्थेचा 2017 चा असेल: फेसबुकवरील एका क्लिकचा सरासरी खर्च 1.72 डॉलर. त्या काळच्या विनिमयदराने हे शंभर रुपयांहून अधिक होतात. महालातील दुकानदाराने हा आकडा वाचला, तर आपला 7 रुपयांचा क्लिक म्हणजे केवढी स्वस्ताई, असे त्याला वाटावे. आणि त्या समाधानात आपली जाहिरात सुधारण्याचे त्याचे राहून जावे, ही माझी खरी चिंता आहे.

त्या आकड्याच्या पोटात शिरले की चित्र पालटते. तो 256 हिशेबांवरून काढला होता, ते सर्व अमेरिकेतील होते, आणि मुदत होती नोव्हेंबर 2016 ते जानेवारी 2017, म्हणजे तेथील सणासुदीचा ऐन हंगाम. त्याच 1.72 च्या आत कपड्यांचा दर 45 सेंट होता आणि विमा व वित्तव्यवहाराचा 3.77 डॉलर, एका टोकापासून दुसरे आठपटींहून दूर. त्याच दिवसांत आपल्याकडे काय चालले होते? 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या होत्या आणि बँकांपुढे रांगा लागल्या होत्या. एका बाजारातील तेजीचा आकडा घेऊन दुसऱ्या बाजारातील टंचाई मोजता येत नाही.

दोन बाजारांतील अंतर किती, हे मेटाच्याच 2023 अखेरच्या आकड्यांवरून समजते. त्या तिमाहीत अमेरिका व कॅनडातील प्रत्येक फेसबुक वापरणाऱ्यामागे कंपनीला 68 डॉलरांहून अधिक मिळाले. ज्यात भारत येतो त्या आशिया-प्रशांत विभागात साडेपाचच्या आसपास. महालातील एखाद्या बचतगटाने दिवाळीच्या फराळाची जाहिरात करावयाची ठरविली, आणि ती नागपुरातील आईवडिलांना दाखविली, की मुलासाठी न्यू जर्सीला डबा पाठवा, तर बोली नागपूरच्या भावाने लागते. तीच जाहिरात थेट न्यू जर्सीतील मुलाला दाखविली, तर त्या गटाला अमेरिकेतील बड्या दुकानांशी टक्कर घ्यावी लागते. फराळ तोच, पण लिलाव पाहणाऱ्याच्या मुक्कामी होतो.

प्रमाणदर वाचताना आणखी एक बाब तपासावी. ‘क्लिक’ ह्या शब्दात कोणी पसंतीची खूण, ‘अधिक वाचा’, छायाचित्र मोठे करणे हे सगळे मोजतो, तर कोणी दुकानाच्या दुव्यावर टेकलेले बोट तेवढेच. पहिल्या रीतीने दर फार कमी दिसतो. माझ्या स्नेह्याच्या वहीत काही दिवस पहिली रीत होती आणि काही दिवस दुसरी. तेवढ्यानेच त्याच्या एका आठवड्याचा अर्धा विस्मय उलगडला.

पंचांगाचा हिशेब

नागपूरच्या जुन्या वस्त्यांची नावेच पाहावीत: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. मागणीला वार असतो आणि वार चुकला की माल पडून राहतो, हे शहाणपण ह्या गावाने आपल्या नकाशातच कोरून ठेवले आहे. क्लिकच्या भावाचे ऋतू समजून घेण्यासाठी आपल्याला हेच शहाणपण पंचांगाच्या पानांवर न्यावे लागते, कारण आपल्याकडील खरेदी तिथीने चालते आणि माध्यमांचे तक्ते तारखेने.

चैत्रात गुढीपाडवा, वैशाखात अक्षय्य तृतीया आणि लग्नसराई. ह्या दिवसांत सराफ, मंगलकार्यालये, कापडवाले एकाच कुटुंबाच्या दृष्टीसाठी झगडतात. त्याच सुमारास नागपूरचा पारा चढू लागतो आणि कूलर विकणाऱ्यांचा हंगाम येतो. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, म्हणून दप्तरे-गणवेशांच्या जाहिरातींचा भर पुण्यामुंबईत ओसरू लागलेला असताना येथे चढत असतो. आषाढात लग्ने थांबतात आणि बोली लावणारे विरळ होतात. श्रावणापासून राखी, पोळा, गणपती अशी चढण सुरू होते.

आणि मग येतो पितृपक्ष. भोसल्यांच्या परंपरेतला हडपक्या गणपती महालात ह्याच पंधरवड्यात बसतो, रोषणाई होते, पण नवे वस्त्र, सोने, वाहन ह्यांची खरेदी बहुतेक घरे सर्वपित्री अमावास्येपलीकडे ढकलतात. जुन्या व्यापाऱ्याचा तर्क असा, की गिऱ्हाईक नाही तर जाहिरातदारही नाही, म्हणून क्लिक स्वस्त असावा. पूर्वार्धात हा तर्क टिकतो. परंतु देशव्यापी ऑनलाइन दुकाने महालाचे पंचांग जसेच्या तसे पाळीत नाहीत: 2023 साली पितृपक्ष 14 ऑक्टोबरला संपला आणि फ्लिपकार्ट व ॲमेझॉन ह्यांच्या सणाच्या मोठ्या विक्री 8 ऑक्टोबरलाच सर्वांसाठी उघडल्या, 2024 मध्ये सर्वपित्री 2 ऑक्टोबरला होती, विक्री 27 सप्टेंबरला सुरू झाली. 2025 मध्ये मात्र 22 सप्टेंबरला घटस्थापना झाल्यावर, 23 तारखेस विक्रीचा आरंभ झाला. ज्या आठवड्यात बडकस चौकातील दुकानदार निवांत असतो, त्याच आठवड्यात त्याच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरील लिलावात सर्वांत मोठे बोलीदार येऊन उभे राहिलेले असू शकतात. माझ्या मते स्थानिक व्यापाऱ्याने ध्यानात धरावी अशी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे: भाव आपल्या गिऱ्हाइकाच्या इच्छेने ठरत नाही, त्या इच्छेवर इतरांनी लावलेल्या पैशाने ठरतो.

निवडणुकांचेही असेच. नागपूर लोकसभेचे मतदान 19 एप्रिल 2024 ला झाले, गुढीपाडवा त्याच महिन्याच्या 9 तारखेस होता. विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला, दिवाळीपाठोपाठ. पक्ष आणि उमेदवार ह्यांनाही तीच नागपूरकर दृष्टी हवी असते, आणि त्यांच्या मुदतीला तडजोड नसते, म्हणून असे आठवडे साडीवाल्याने सावधपणे धरावेत.

महाग क्लिकचे मोल

ह्यावरून, भाव चढला की जाहिरात थांबवावी, असा निष्कर्ष माझ्या स्नेह्याने काढला होता, आणि तो मला मान्य नव्हता. समजा, आषाढात 4 रुपयांचा क्लिक आहे आणि शंभर जण आले तर एक जण साडी घेतो. म्हणजे एका साडीच्या विक्रीमागे 400 रुपये गेले. धनत्रयोदशीच्या आठवड्यात क्लिक 8 रुपयांना पडला, परंतु शंभरात चार जणांनी साडी घेतली, तर एका साडीमागे 200 च गेले. आषाढात बोट टेकविणारा करमणुकीसाठी टेकवितो, दिवाळीत टेकविणारा पाकीट हाती घेऊन टेकवितो. म्हणून वहीत क्लिकच्या स्तंभाशेजारी विक्रीचाही स्तंभ हवा, आणि दुकानात आलेल्या बाईंना ‘‘ताई, साडी कुठं पाहिली होती?’’ एवढे विचारण्याची सवय हवी.

स्वस्त महिन्यांचा उपयोग निराळा आहे. कोणते छायाचित्र लोकांना थांबविते, काठ जवळून दाखवावा की साडी नेसलेली दाखवावी, हे प्रयोग आषाढ-श्रावणात थोड्या पैशांत करता येतात. आणि ज्या छायाचित्राने हजारात 25 ऐवजी 40 जण थांबले, ते नवरात्रात चालविले, तर वरच्या उदाहरणातील 180 रुपये 40 क्लिकांत वाटले जाऊन दर साडेचार रुपयांवर येतो. बड्या कंपनीच्या पैशाला लहान दुकानदाराकडे हेच एक उत्तर आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

मी निघालो तेव्हा त्याने नवे पान काढून त्यावर तारखेच्या अलीकडे तिथीसाठी एक स्तंभ आखला होता. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होते, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. आणि 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्यामुळे ते पुन्हा 8 नोव्हेंबरवर जाते. 2025 च्या ऑक्टोबरात दसरा आणि दिवाळी दोन्ही सामावले. 2026 च्या ऑक्टोबराचे पहिले 10 दिवस पितृपक्षाचे. त्या दोन ऑक्टोबरांचे क्लिक शेजारी मांडून दर का बदलला असे विचारण्याऐवजी, त्याने घटस्थापनेचा आकडा घटस्थापनेखाली लिहावयास सुरुवात केली.